स्त्रीचे शरीर, समाजाची नजर आणि ताटातील अन्न

(गोत्री, वडोदरा येथे मराठीभाषक पालक, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



गोत्री हे पूर्वी बडोदे शहराच्या पश्चिमेस असलेले स्वतंत्र गाव. शहर वाढत गेले, गाव महानगरपालिकेच्या हद्दीत आले आणि गोत्री रस्त्याच्या दुतर्फा इमारती, शिकवणीवर्ग, सौंदर्यप्रसाधनांची दुकाने व आधुनिक व्यायामशाळा यांची रांग लागली. तलावाकडील जुनी वस्ती आणि नव्या सदनिकांतील वस्ती आज एकमेकींना लागून आहेत. दांडिया बाजार, रावपुरा अशा जुन्या भागांप्रमाणेच शहराच्या या भागातही मराठी बोलणारी कुटुंबे राहतात. त्यांच्या घरी गणपती बसतो, गौरी येतात, आणि नवरात्र आले की त्यांच्या मुली गुजराती मैत्रिणींबरोबर गरब्याला जातात.

बडोद्याचा गरबा हा या शहराचा अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. परंतु त्या नऊ रात्रींच्या आधी महिनाभर अनेक घरांत काय घडते, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. चनियाचोळी शिवायला टाकली जाते, माप घेतले जाते, आणि त्याच दिवसापासून मुलीच्या ताटातील पोळी एकाने कमी होते. दुपारी ताक, संध्याकाळी काकडी, रात्री ‘भूक नाही’. नवरात्र सुरू झाले की त्यात उपवासाची भर पडते. दिवसभर जवळजवळ काही न खाता रात्री तीन-तीन तास गरबा खेळणाऱ्या मुलीला घेरी आली, तर ‘दगदग झाली’ एवढेच निदान घरी केले जाते. नवरात्र संपते. बहुतेक मुली दसऱ्याला श्रीखंड-पुरी खातात आणि विषय मिटतो. एखाद्या मुलीच्या बाबतीत मात्र तो मिटत नाही. तिची भाषणात चर्चा करावयाची ती याच कारणाने.

स्त्री आपले शरीर स्वतःच्या डोळ्यांनी पाहते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः आरशापुढे उभी राहिलेली मुलगी एकटी नसते. आजीची नजर, काकूचे बोलणे, वर्गातील टोपणनाव, विवाहमंडळाच्या वहीतील रकाना आणि जाहिरातीतील चित्र अशी सगळी मंडळी तिच्या मागे उभी असतात. ही नजर कशी घडते आणि ती ताटापर्यंत कशी पोहोचते, हे समजून घेतल्याशिवाय ‘आजकालच्या मुलींना नसती खुळे’ असे म्हणणे सोपे आहे, पण उपयोगाचे नाही.

सौंदर्याची कल्पना स्थिर नसते, याचा उत्तम पुरावा बडोद्यातच आहे. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी राजा रविवर्मा यांच्याकडून पौराणिक प्रसंगांवरील चित्रमालिका करवून घेतली. त्यांची चित्रे आजही महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात पाहावयास मिळतात. पुढे १८९४ मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला आणि लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती यांच्या रंगीत छापील प्रती सामान्य माणसाच्या घरातील भिंतीवर आल्या. देवी कशी दिसते, सुंदर स्त्री कशी दिसते, याचे एकच चित्र हजारो घरांत एकाच वेळी पोहोचण्याचा हा आपल्या देशातील आरंभीचा मोठा प्रसंग म्हणता येईल. त्या चित्रांतील स्त्रिया पाहाव्यात. भरलेले दंड, गोल चेहरा, पुष्ट बांधा. आजच्या एखाद्या तयार कपड्यांच्या दुकानात त्या गेल्या असत्या, तर विक्रेतीने त्यांना मोठ्या मापाच्या कपाटाकडे पाठविले असते. सव्वाशे वर्षांत स्त्रीची हाडे बदलली नाहीत. भिंतीवरची चित्रे बदलली.

भाषेनेही या बदलाची नोंद ठेवली आहे. ‘खात्यापित्या घरची’ हे शब्द मराठीत कौतुकाचे होते. अंगाने भरलेली सून घरात आली म्हणजे घराचे बरे चालले आहे, असा त्याचा अर्थ. ‘हडकुळी’, ‘काटकुळी’ हे शब्द उणेपणाचे होते, कारण बारीकपणाचा संबंध दारिद्र्याशी, दुष्काळाशी आणि क्षयरोगाशी होता. आज तेच ‘खात्यापित्या घरची’ हे शब्द डोळे मिचकावून उच्चारले जातात आणि ऐकणारी मुलगी रात्रीचे जेवण टाळते. अन्न दुर्मीळ असते तेव्हा भरलेला देह प्रतिष्ठेचा ठरतो; अन्न मुबलक होते तेव्हा ते नाकारू शकणारा देह प्रतिष्ठेचा ठरतो. दोन्ही वेळी शरीर मात्र स्त्रीचेच तोलले जाते.

रंगाचीही गोष्ट अशीच. चेहरा उजळविण्याचा दावा करणारी, घराघरांत पोहोचलेली ‘फेअर अँड लव्हली’ क्रीम भारतीय बाजारात १९७५ मध्ये आली. तिच्या नावातील ‘फेअर’ हा शब्द वगळण्यास २०२० साल उजाडावे लागले. मध्यंतरीच्या पंचेचाळीस वर्षांत दोन पिढ्यांच्या मुली नोकरी, लग्न आणि आत्मविश्वास यांचा संबंध कातडीच्या रंगाशी लावणाऱ्या जाहिराती पाहत मोठ्या झाल्या. १९९४ मध्ये विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरी हे दोन्ही किताब एकाच वर्षी भारतीय तरुणींना मिळाले. देशाला आनंद झाला. त्याच काळात उपग्रह दूरचित्रवाणी घरोघरी येत होती. यशस्वी मुलगी म्हणजे उंच, गोरी आणि सडपातळ मुलगी हे समीकरण त्या दशकात पक्के झाले.

अर्थात सगळा दोष दूरचित्रवाणीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. ‘गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’ ही शब्दावली विवाहविषयक जाहिरातींत त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. मुलगी दाखविण्याच्या कार्यक्रमात तिला चालावयास लावणे, केस सोडून दाखवावयास सांगणे हे प्रकार मागील पिढ्यांनी भोगले आहेत. मालतीबाई बेडेकर यांनी ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केले, तेव्हा शिकलेल्या पण लग्न न ठरलेल्या मुलींच्या मनातील कोंडी मराठी समाजाला प्रथमच इतक्या स्पष्टपणे ऐकू आली. आज कांदेपोह्यांच्या जागी भ्रमणध्वनीवरील छायाचित्र आले आहे. पूर्वी नकार आला तर निदान ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप येई. आता छायाचित्र पाहिले जाते आणि पलीकडून काहीच उत्तर येत नाही. न सांगितलेले कारण मुलगी आरशात शोधू लागते.

येथून पुढचा भाग नाजूक आहे आणि तो कोणाच्या श्रद्धेला धक्का न लावता समजून घेणे आवश्यक आहे.

मराठी घरातील दिनदर्शिका उपवासांनी भरलेली आहे. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. त्याखेरीज एकादशी, चतुर्थी, हरितालिका. गुजरातेत वाढणाऱ्या मुलींना त्यात आषाढातील गौरीव्रताची जोड मिळते. पाच दिवस मीठ न घालता केलेले अलोणी अन्न घ्यावयाचे, हे व्रत कुमारिका हौसेने करतात. या सर्व व्रतांना परंपरा आहे, त्यात सोबत आहे, गाणी आहेत, जागरण आहे. व्रत करणारी मुलगी आजारी असते असे म्हणणे हा शुद्ध अन्याय होईल.

परंतु एक चित्र डोळ्यांपुढे आणावे. अकरावीत शिकणारी एक मुलगी आहे. अभ्यासात पुढे, स्वभावाने शहाणी, उलट न बोलणारी. तिने प्रथम सोमवार धरला. घरच्यांना बरे वाटले. मग गुरुवार आला. मग साबुदाणा पचत नाही म्हणून केवळ फळे. पुढे फळांतले केळे गेले. शेजारच्या काकूंनी ‘किती श्रद्धाळू पोर, आणि किती छान बारीक झाली’ असे एकाच वाक्यात म्हटले. सहा महिन्यांनी तिच्या अंगावरचे कपडे लोंबू लागले, हातपाय गार राहू लागले, केस विंचरताना पुंजके निघू लागले, पाळी येईनाशी झाली. ही शेवटची गोष्ट तिने आईपासून लपविली. घरात एवढी माणसे असूनही आजार कोणाला दिसला नाही, कारण तो सद्गुणाच्या वेशात आला होता.

व्रत आणि आजार यांतील भेद ओळखण्याची एक साधी खूण आहे. व्रताला पारणे असते. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी ते सुटते आणि मुलगी आनंदाने जेवते. आजाराला पारणे नसते. पारण्याचा दिवस आला की तिच्या मनात भीती दाटते आणि ती दुसरे निमित्त शोधते. व्रत चारचौघांत केले जाते. आजार ताट खोलीत नेतो, डब्यातील पोळी वाटेत टाकून देतो, जेवण होताच न्हाणीघराचे दार लावून घेतो.

या आजाराला वैद्यकशास्त्रात नाव मिळून दीडशे वर्षे झाली आहेत. पॅरिसचे डॉ. लासेग आणि लंडनचे डॉ. विल्यम गल यांनी १८७३ च्या सुमारास स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले आणि गल यांनी दिलेले ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव रूढ झाले. शब्दशः अर्थ घेतला तर ‘मानसिक कारणाने भूक न लागणे’. नाव काहीसे फसवे आहे. या रुग्णांना भूक लागत नाही असे नसते. पुष्कळदा ती भयंकर लागते. तिच्याशी चाललेली झुंज हाच त्यांचा दिवस असतो. दुसरा प्रकार म्हणजे ‘बुलिमिया’. त्यात मुलगी चोरून पुष्कळ खाते आणि नंतर उलटी करून किंवा रेचक घेऊन ते बाहेर टाकते. लंडनचे डॉ. जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये त्याचे स्वतंत्र वर्णन केले. बुलिमियाच्या रुग्णाचे वजन बहुधा ठीक असते, त्यामुळे घरच्यांना संशयही येत नाही. दातांचे आवरण झिजणे, गाल सुजल्यासारखे दिसणे, बोटांच्या पेरांवर व्रण असणे या खुणा प्रथम दंतवैद्याच्या ध्यानात येतात. वारंवार उलट्या झाल्याने रक्तातील पोटॅशियम घटते आणि हृदयाचे ठोके बिघडून मृत्यूही ओढवू शकतो. मानसिक आजारांपैकी ज्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आहे, त्यांत ॲनोरेक्सियाची गणना होते. मुलग्यांनाही हे आजार होतात. प्रमाण कमी असते एवढेच, आणि तेथे आडवी येणारी लाज कदाचित अधिक असते.

‘हे पाश्चात्त्यांचे रोग, आपल्याकडे कोठे असतात?’ असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. नवी दिल्ली येथील डॉ. खंडेलवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात पाच तरुण स्त्रियांची माहिती दिली होती. खाण्यास नकार, सततच्या उलट्या, घटलेले वजन, थांबलेली पाळी ही सर्व लक्षणे त्यांच्यात होती. परंतु ‘मी जाड आहे’ हा पाश्चात्त्य रुग्णांत नेहमी आढळणारा ध्यास नव्हता. हाँगकाँगचे डॉ. सिंग ली यांनाही तेथील रुग्णांत असेच आढळले होते. त्या मुली ‘पोट फुगते’, ‘घास उतरत नाही’ असे सांगत. म्हणजे दुखणे आपल्या भूमीची भाषा घेऊन येते. मराठी घरातील मुलगी ‘मला लठ्ठ व्हायचे नाही’ असे कदाचित म्हणणार नाही. ‘गच्च वाटते’, ‘पित्त झाले’, ‘आज माझा उपास आहे’ असे म्हणेल. मग पोटाचे वैद्य होतात, दृष्ट काढून होते, आणि वर्ष निघून जाते. खंगत चाललेल्या मुलीला क्षयाची तपासणी करावयास नेणे हेही योग्यच आहे. गोत्री भागाला क्षयरोगाच्या दवाखान्याची जुनी ओळख आहे आणि क्षय, थायरॉईड, मधुमेह यांची शंका आधी दूर केलीच पाहिजे. मात्र सर्व तपासण्या निर्दोष आल्या म्हणजे मुलगी ‘ढोंग करते’ असा निष्कर्ष काढू नये. खरे निदान पुष्कळदा तेथून पुढे सुरू होते.

उपासमारीचा मनावर काय परिणाम होतो, याविषयी एक प्रयोग प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. ॲन्सेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुण पुरुषांना त्यांच्या संमतीने चोवीस आठवडे निम्म्या अन्नावर ठेवले. युद्धग्रस्त युरोपातील भुकेल्या लोकांना पुन्हा कसे जेवू घालावे, हे ठरविण्यासाठी हा खटाटोप होता. त्या तरुणांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. पण त्याहून विलक्षण होते ते मनातील बदल. खाण्याखेरीज त्यांना काही सुचेना. ते पाककृतींची पुस्तके गोळा करू लागले, जेवण लांबवीत बसू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले; काहींचा ताबा सुटून ते चोरून अतोनात खाऊ लागले. ही सुदृढ मनाची माणसे होती आणि त्यांना कोणी सौंदर्याचे वेड लावलेले नव्हते. केवळ उपासमारीने त्यांची ही अवस्था केली. मुलीच्या विचित्र वागण्याला तिचा हट्टी स्वभाव जबाबदार आहे असे मानणाऱ्या पालकांनी हा प्रयोग अवश्य लक्षात घ्यावा. आधी शरीर उपाशी पडते आणि मग उपाशी मेंदू तोच हट्ट घट्ट धरून बसतो.

समाजाच्या नजरेचा प्रभाव किती लवकर पडू शकतो, याचे उदाहरण प्रशांत महासागरातील फिजी बेटांवरून मिळते. तेथील मूळ फिजीयन समाजात धडधाकट, भरलेल्या शरीराला मान होता. पाहुण्याला आग्रहाने जेवू घालण्यातही तो समाज महाराष्ट्राहून मागे नव्हता. नाद्रोगा प्रांतात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली. डॉ. ॲन बेकर यांनी त्या वेळी आणि पुन्हा १९९८ मध्ये साठ-पासष्ट शाळकरी मुलींच्या गटांची पाहणी केली. पहिल्या गटात वजन कमी करण्यासाठी उलटी करणारी एकही मुलगी नव्हती. तीन वर्षांनंतरच्या गटात हे प्रमाण ११.३ टक्के होते. खाण्याविषयीच्या प्रश्नावलीत धोक्याची पातळी ओलांडणाऱ्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या. गट लहान होते, हे खरे. तरीही तीन वर्षे म्हणजे पाचवीतील मुलगी आठवीत जाण्याइतकाच काळ. आणि त्या दूरचित्रवाणीवर निदान सर्वांना एकच चित्र दिसत होते. आजच्या भ्रमणध्वनीवर मुलगी स्वतःचेच छायाचित्र गालफडे बारीक करून, रंग उजळवून पाहू शकते आणि मग आरशातील आपल्या खऱ्या चेहऱ्यावर रागावू शकते.

हे सर्व खात्यापित्या घरांपुरते आहे काय? तसे मानले तर चित्र अपुरे राहील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी रक्तक्षय असलेल्यांचे प्रमाण गुजरातमध्ये ६५ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे ५४ टक्के होते. त्याच पाहणीत गुजरातमधील सुमारे २५ टक्के स्त्रिया उंचीच्या मानाने कृश आणि सुमारे २३ टक्के स्त्रिया अधिक वजनाच्या आढळल्या. महाराष्ट्रात ही प्रमाणे सुमारे २१ व २३ टक्के होती. एकाच राज्यात, कित्येकदा एकाच रस्त्यावर, दोन्ही टोके नांदत आहेत. गोत्रीतील सदनिकेत मालकीणबाई पोळी टाळते आणि तिच्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई सकाळपासून चहावर असते.

या दोन उपाशी स्त्रियांत फरक मोठा आहे. एकीला अन्न मिळते, दुसरीला पुरेसे मिळत नाही. तरी एक धागा समान आहे. दोघींच्या ताटाचा निर्णय दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेने केलेला असतो. सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले खाणारी सून ‘चांगली’ ठरते, आणि थोडे खाऊन बारीक राहणारी मुलगीही ‘चांगली’ ठरते. खेड्यात गरोदर स्त्रीने बेताने खावे, म्हणजे मूल लहान राहून बाळंतपण सोपे जाते, ही समजूत अद्याप पुष्कळ ठिकाणी आहे. तीही शरीर कसे असावे याबद्दलची सामाजिक समजूतच होय, आणि तिची किंमत आईबरोबर बाळही मोजते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत केलेल्या दीर्घ अभ्यासातून भारतीय नवजात बालके वजनाने कमी असूनही त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते आणि पुढील आयुष्यात त्यांना मधुमेहाचा धोका संभवतो, ही गोष्ट पुढे आली. बारीक म्हणजे निरोगी, हे समीकरण निदान आपल्या लोकांना तरी लागू नाही.

येथे एक विसंगती नोंदविण्याजोगी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने डॉ. गोपालन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके तयार केली, ती देशातील कुपोषण हटविण्यासाठी. बडोद्याच्या विद्यापीठात श्रीमती हंसा मेहता कुलगुरू असताना गृहविज्ञानाची विद्याशाखा सुरू झाली आणि मुली हे शास्त्र शिकू लागल्या. कुटुंबाला पुरेसे उष्मांक कसे मिळतील, हा त्या हिशेबाचा हेतू होता. आज तोच हिशेब भ्रमणध्वनीवर उलटा मांडून एखादी मुलगी अर्ध्या पोळीचे उष्मांक वजा करीत बसलेली असते. कोष्टकाचा त्यात दोष नाही. पण आहारशास्त्र शिकविणाऱ्या शिक्षिकेने वर्गात ‘किती कमी’ यापेक्षा ‘किती आवश्यक’ यावर भर दिला, तर फरक पडतो.

शरीराकडे पाहण्याची दुसरी एक रीतही याच शहराची आहे. राजरत्न प्रा. माणिकराव यांचे जुम्मादादा व्यायाममंदिर बडोद्याचे. दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ प्रसिद्ध झाला तोही बडोद्यातूनच. त्या परंपरेत शरीर किती रुंद दिसते याहून ते काय करू शकते, याला महत्त्व होते. ती परंपरा बव्हंशी पुरुषांची राहिली, हे मान्य केले पाहिजे. स्त्रियांच्या बाजूने महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांनी १९११ मध्येच भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९२७ मध्ये पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले. स्त्रीने शिकावे, पडद्याबाहेर यावे, कामे करावीत हा तो विचार होता. पडदा गेला, शाळा आल्या, नोकऱ्या आल्या. मोजपट्टी मात्र मागे राहिली.

आता घरी आणि शाळेत करावयाच्या गोष्टींकडे वळणे योग्य होईल. त्या फार नाहीत, पण बारीक लक्ष मागणाऱ्या आहेत.

मुलीच्या शरीराविषयी घरात होणारे बोलणे, मग ते कौतुकाचे का असेना, शक्य तितके कमी करावे. ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ हे वाक्य टोमण्याइतकेच खोल जाते. आई स्वतः जेवताना ‘मला नको, मी जाड होते आहे’ असे रोज म्हणत असेल, तर मुलीला वेगळे शिकवावे लागत नाही. घरातील सर्वांनी, बाईनेही, निदान एक जेवण एकत्र घ्यावे. दिसायला हा शिष्टाचाराचा विषय आहे. प्रत्यक्षात कोणाच्या पानात काय पडते आणि काय उरते हे कळण्याचा तोच एक मार्ग आहे.

शाळेत उंची व वजनाची नोंद घेतली जाते, ती आवश्यक आहे. मात्र ती घेताना आकडा वर्गासमोर मोठ्याने वाचणे थांबविले पाहिजे. शिक्षकाने सहज उच्चारलेले एक टोपणनाव मुले वर्षभर वापरतात. खेळाच्या आणि नृत्याच्या शिक्षकांनी तर अधिक जपावयास हवे, कारण त्यांच्या हाताखालील मुलींना वजनाविषयीची प्रत्येक सूचना आज्ञेसारखी वाटते. एखादी हुशार, नीटनेटकी, शांत मुलगी डबा परत नेऊ लागली, उन्हाळ्यातही अंग झाकून बसू लागली, खेळाच्या तासाला घेरी येऊन पडली, तर वर्गशिक्षिकेने तिला बाजूला घेऊन वजनाविषयी नव्हे, तर झोप, थकवा, अभ्यास यांविषयी आधी विचारावे. पालकांना बोलवावे ते तक्रार म्हणून नव्हे.

अंगणवाडी व आरोग्य कर्मचाऱ्यांनी लोहाच्या गोळ्या देताना किशोरवयीन मुलीची पाळी नियमित आहे काय, हा एक प्रश्न जोडला तरी पुष्कळ काही उघडकीस येईल. पाळी लागोपाठ तीन महिने न आल्यास आणि वजन घटत असल्यास डॉक्टरांकडे पाठविणे आवश्यक आहे. गोत्रीसारख्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. खेड्यातील कुटुंबाला प्राथमिक आरोग्य केंद्रापासून आरंभ करता येईल. मानसोपचाराचे नाव काढताच ‘मुलीच्या लग्नाचे काय’ अशी भीती पालकांना वाटते. ही भीती खरी आहे, तिची थट्टा करू नये. परंतु मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्णाविषयीची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाला आहे, हे त्यांना सांगता येते.

एक धोक्याची सूचना विशेष महत्त्वाची आहे. फार दिवस उपाशी राहिलेल्या, अतिशय खंगलेल्या मुलीला घाबरून एकदम भरपूर खाऊ घालू नये. अशा वेळी रक्तातील क्षारांचे प्रमाण अचानक कोसळून जिवाला अपाय होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली अन्न हळूहळू वाढवावे लागते. वजन थोडे वाढले की बरी झाली, असेही नाही; मनातील भीती ओसरण्यास महिने, कधी वर्षेही लागतात, आणि त्या काळात जेवणाच्या वेळी शेजारी कोणीतरी न रागावता, ताटाकडे टक लावून न पाहता बसणे हाही उपचाराचाच भाग असतो.

मुलीला किंवा तिच्या आईला घरच्यांसमोर बोलणे अवघड वाटत असेल, तर ‘टेली-मानस’ ही केंद्र शासनाची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. तिचा क्रमांक १४४१६. ती विनाशुल्क आहे, दिवसरात्र चालते आणि प्रादेशिक भाषांतून बोलता येते. शाळेच्या फलकावर, अंगणवाडीच्या भिंतीवर आणि नवरात्रात गरब्याच्या मैदानाच्या प्रवेशद्वारापाशी हा क्रमांक ठळक अक्षरांत लावण्यास विशेष खर्च येत नाही.